बोरचं पाणी आणि वाफेचं मशीन

माझ्या मुलीच्या हळदीला दोन दिवस उरले होते आणि आमच्या मायचा घसा बसला. नुसता बसला नाही, चांगली मांडी घालून बसला. सकाळी उठल्यावर तिनं नेहमीप्रमाणे चहासाठी हाक मारायला तोंड उघडलं आणि आतून फक्त हवा आली. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "बोल ना, काय हवंय?" तर ती दारात येऊन उभी राहिली आणि हातानं कपाची खूण करू लागली.

माय म्हणजे माझी आई. वडील गेल्यापासून लोणखेड्याला आमच्याकडेच असते. वय चौऱ्याहत्तर, दात अठरा आणि स्वभाव मिरचीचा. घसा बसला तोही मिरचीनंच. लग्नाचा मसाला नंदुरबारच्याच मिरचीचा हवा, आणि मिरचीचे देठ घरच्याच माणसानं मोडायला हवेत, असा तिचा हट्ट होता. दोन दिवस अंगणात ढीग घेऊन बसली. तोंडाला फडकं बांध म्हणून मी दहादा सांगितलं. "इतला वरीस मोडी ऱ्हायनू, माले काय व्हस?" असं तिच्या अहिराणीत म्हणून तिनं मला उडवून लावलं. काय होतं ते तिसऱ्या दिवशी कळलं.

एरवी म्हातारीचा घसा बसला तर घरात दोन दिवस शांतता, असं म्हणून मी हसले असते. पण हळदीची गाणी माय म्हणणार होती. आमच्याकडे हळदीचं गाणं म्हणजे कुणीही उठून म्हणावं असं नसतं. त्यात नात्यातल्या एकेकाला ओवायचं असतं. मामा आला की मामाचं कडवं, आत्या पुढं झाली की आत्याचं. ज्याचं कडवं राहिलं तो जेवताना रुसून बसतो आणि ते रुसणं पुढं बारशापर्यंत पुरतं. कोण कुणाचा, कुणाच्या आधी कोण, कुणाला काय म्हटलं की तो खूश होतो, हे सगळं मायच्या डोक्यात होतं आणि फक्त मायच्याच डोक्यात होतं. माझ्या हळदीला तीच गायली. माझ्या मुलीला जन्मल्यावर मांडीवर घेऊन ती म्हणाली होती, "इन्ही हयद मन्हा गयावर चढी," म्हणजे हिची हळद माझ्याच गाण्यावर चढणार. नातवंडांतलं हे शेवटचं लग्न. मायनं त्या एका संध्याकाळसाठी वर्षभर तब्येत सांभाळली होती, आणि मिरचीनं ऐन वेळी घात केला.

डॉक्टरांनी घशात टॉर्च मारून पाहिलं. म्हणाले, दिवसातून तीन वेळा वाफ द्या आणि दोन दिवस तोंड बंद. पहिली गोष्ट सोपी होती. दुसरी ऐकून मायनं डॉक्टरांकडे असं पाहिलं की ते बिचारे चिठ्ठी लिहायला लागले. "पातेल्यातली वाफ नको," ते मला म्हणाले, "या वयात पातेलं कलंडलं तर नसती आफत. व्हेपोरायझर घ्या."

आता मी मराठीची शिक्षिका. कुणी असा शब्द टाकला की मला त्याचा मराठी प्रतिशब्द आठवल्याशिवाय चैन पडत नाही. शाळेतल्या जाड कोशात एकदा 'बाष्पक' पाहिलेला आठवला. पण बाष्पक मागायला गेले असते तर दुकानदारानं मलाच डॉक्टरकडे पाठवलं असतं, म्हणून मुकाट्यानं डॉक्टरांचाच शब्द घेऊन मेडिकलमध्ये गेले. त्यानं फळीवरून डासांच्या मशीनची बाटली काढून दिली. मी म्हटलं, अहो, माझ्या आईला द्यायचंय, डासाला नाही. त्यानं खोक्यावर बोट ठेवलं. खरंच, तिथं तोच शब्द छापला होता. मी चष्मा वर करून दोनदा वाचला.

घरी येऊन मुलीला सांगितलं तर ती हसून लोटपोट. ती सुरतेच्या एका दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत नर्स आहे, लग्नासाठी रजा घेऊन आली होती. म्हणाली, "आई, आमच्याकडे व्हेपोरायझर म्हणजे भूल द्यायच्या मशीनवरचा डबा. त्यातल्या औषधाची वाफ पेशंटला दिली की तो गाढ झोपतो." माय पलंगावर बसून ऐकत होती. तिनं घाबरून दोन्ही हात हलवले. "आणि दुकानात नुसतं व्हेपोरायझर मागू नकोस," मुलगी पुढं म्हणाली, "आजकाल पेनासारखं ओढायचं धुराचं यंत्र असतं ना, त्यालाही काही लोक तेच म्हणतात. तुझ्या शाळेतल्या कुणी ऐकलं तर?" झोपवणारा, डास मारणारा, धूर काढणारा आणि घसा उघडणारा, सगळे एकाच नावाचे. आमच्या गल्लीत एका नावाचे चार पोरगे आहेत, तशातली गत.

शेवटी मी शहाद्याच्या चाचांकडे गेले. चाचांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, पंखा, आमच्या घरातलं जे जे तापतं आणि फिरतं ते त्यांच्या हाताखालून गेलंय. मी म्हटलं, "चाचा, वाफेचं मशीन." त्यांनी एका शब्दानंही न विचारता गुलाबी रंगाचं एक प्लास्टिकचं मशीन पुढं केलं. खोक्यावर एका बाईचं चित्र, चेहऱ्यावर तुकतुकी, आणि खाली उपयोगांची यादी: सर्दी, खोकला, घसा, दमा, चेहऱ्याचं सौंदर्य. मला त्यातलं तिसरंच हवं होतं.

खरी गंमत आता सुरू होते. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की तिला आधी हळदकुंकू लागतं, मग ती फ्रीज असो की फुंकणी. मायनं बोलता येत नसतानाही खुणा करून मला करंडा आणायला लावला आणि त्या गुलाबी मशीनच्या टोपणाला कुंकू लावलं. मग मी घरच्या पाण्याच्या कळशीकडे वळले तर तिनं चमच्यानं ताटावर दोनदा टक टक केलं. तोंड बंद असल्यामुळे तिनं ताट-चमच्याची भाषा काढली होती. एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि तीन किंवा जास्त म्हणजे मी मूर्ख आहे. तिनं कोपऱ्यातल्या जारकडे बोट दाखवलं. लग्नासाठी गार, गाळलेल्या पाण्याचे जार आले होते. आम्ही स्वतः बोरचं खारट पाणी पितो, पण पाहुण्याला जारचं. मशीन नवं, शिवाय डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणजे पाहुण्याच्याही वरचं. मला ते पटलं. मी जारचं स्वच्छ, गोड पाणी खुणेपर्यंत भरलं, ओवा जवळ ठेवला आणि बटण दाबलं.

दिवा लागला. वाफ आली नाही. पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. माय डोक्यावरून पदर घेऊन, तोंड पुढं करून, डोळे मिटून बसली होती. पंधरा मिनिटांनी तिनं एक डोळा उघडला. मग ताट वाजलं, आणि टकटक किती झाली ते मी मोजलं नाही.

शेजारच्या काकी भिंतीवरून बघत होत्या. त्यांचं घराणं मूळ गुजरातचं, पिढ्यानपिढ्या तापीकाठी केळी आणि ऊस करणारं, आणि सल्ला देण्याच्या बाबतीत त्यांच्या तोंडाला धरण नाही. "पातेलंच बरं व्हतं," त्या म्हणाल्या. "दुकानदारनी जुनं गळाम्हा घालं तुन्हा." मांडवासाठी केळीचे खांब त्याच देणार होत्या, म्हणून मी गप्प राहिले. पण गप्प राहिले की राग आत साचतो, हा माझा जुना रोग.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांच्या दुकानात बाहेर पडला. तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर मी मशीन काउंटरवर आपटलं. पंचवीस वर्षं तुमच्याकडून वस्तू घेते, लग्नाच्या घरात बंद पडलेलं मशीन देता, माझ्या आईच्या घशाचा प्रश्न आहे, उद्या हळद आहे, असं मी वर्गात बोलते तसं एका दमात बोलून गेले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग मशीनचं टोपण उघडून आत पाहिलं, टोपणावरचं कुंकू पाहिलं आणि विचारलं, "बाई, पानी कोनतं टाकं व्हतं?"

"जारचं. चांगलं, गाळलेलं."

चाचा हसले. हसताना त्यांची दाढी हलते. "बाई, तुम्ही मशीनले पाव्हना समजी लिधं. दखा, आठे दोन पत्र्या शेत. करंट एक पत्रीवरथून दुसरीवर जास तो पानीम्हाईन जास. पानीम्हा खार व्हई तेच गरम व्हस. जारना पानीम्हा खार कोठे शे?" त्यांनी मागच्या नळाचं खारं पाणी मशीनमध्ये ओतलं आणि मगच पिन खोचली. मिनिटभरात भकाभका वाफ निघाली. उभ्या गिऱ्हाइकांपैकी एकानं लगेच नाक पुढं केलं.

"तुमनं बोरनं पानी टाका, बाई. आनि भरताना पिन काढेल पाहिजे, हाई ध्यानम्हा ठेवा."

मी माफी मागितली. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती फारच लांबली. चाचांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. मायले बरं करा. माय गाई नही ते मांडव सुना लागी." ते दरवर्षी गल्लीतल्या कुठल्या ना कुठल्या लग्नाला येतात आणि मायचं गाणं संपेपर्यंत जेवायला उठत नाहीत. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. मशीन मांडीवर होतं, त्याच्या टोपणावर कुंकू होतं, आणि उद्या मायला गाता आलं नाही तर काय, हे मी तोवर स्वतःशीसुद्धा नीट म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर मायला चाचांचं सगळं सांगितलं. बोरच्या पाण्याचं ऐकून तिच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की जणू बोर तिनं स्वतः खणली होती. तेव्हापासून हळदीपर्यंत मशीन सुटलं नाही. सकाळी ओव्याची वाफ, दुपारी नुसती, संध्याकाळी तुळशीची. मायची वाफ झाली की पाहुण्या बायकांची रांग लागायची. खोक्यावरच्या तुकतुकीत बाईचं चित्र सगळ्यांनी पाहिलं होतं. विसरवाडीची नणंद दोनदा बसली आणि हळदीच्या आधीच चेहऱ्याला चमक आली असं स्वतःच जाहीर करून मोकळी झाली. काकी पातेल्याचं गुणगान करत आल्या आणि सगळ्यांत जास्त वेळ बसल्या. कुणीतरी त्या वाफेवर चुरगळलेल्या ब्लाउजची बाही सरळ केली. एका मशीनचे इतके उपयोग खोक्यावर छापायला जागा पुरली नसती.

आता घरातली एक गोष्ट सांगायला हवी, ती आवडो न आवडो. गेली तीस वर्षं माय माझ्याशी अहिराणीत बोलते आणि मी तिला मराठीत उत्तर देते. भांडण नाही, ठरवलेलंही नाही. मी शिक्षिका झाले, वर्गात पोरांचं बोलणं नीट करायचं काम हाती आलं, आणि नीट करता करता ते काम घरी घेऊन आले. माझ्या मुलीला आजीचं सगळं कळतं, पण बोलते ती माझ्यासारखी. लोक म्हणायचे, बाईंची भाषा किती शुद्ध. मला ते ऐकायला आवडायचं. मायनं यावर कधी काही म्हटलं नाही. बोलून दाखवणं तिच्या स्वभावात आहे, फक्त या एका गोष्टीत ती गप्प राहिली, आणि त्याचा अर्थ मी सोयीनं लावला.

हळदीची संध्याकाळ आली. मांडवाला काकींच्या केळीचे खांब, पाटावर पिवळ्या साडीत मुलगी, भोवती बायका. मायला मी सकाळपासून एक शब्द बोलू दिला नव्हता. ती खुर्चीत बसली, पदर सावरला, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि सुरू केलं. पहिल्या ओळीचे तीन शब्द आले. चौथ्याला आवाज चिरला आणि पाचव्याला पुन्हा फक्त हवा. तिनं खाकरून परत सुरुवात केली. पुन्हा तेच. मायनं मान खाली घातली, आणि मी तिला वडील गेले तेव्हासुद्धा अशी मान घातलेली पाहिली नव्हती.

माझा भाऊ, म्हणजे नवरीचा मामा, खांडबाऱ्याहून आला होता. तो माणूस चांगला, पण घाईचा. म्हणाला, "जाऊ दे ना माय, मोबाईलवर लावी देऊत गाना." मायनं शेजारचं ताट उचललं आणि त्यावर बोटानं दोनदा टक टक केलं. मोबाईलला काय माहीत मामा कोण आणि आत्या कोण.

मग तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं. तोंड माझ्या कानाला लावलं. तिच्या श्वासाला ओव्याचा वास होता. ती कुजबुजली, "तू म्हन." मी मान हलवली. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया मांडवात होत्या. ज्यांची पोरं मी तीस वर्षं दुरुस्त करत आले, त्यांच्यासमोर मी काय तोंडानं म्हणणार होते? मला लाज वाटली, आणि लाज कशाची वाटते आहे हे कळल्यावर त्याहून जास्त वाटली. मायनं कानात पहिली ओळ सोडली. मी ती म्हटली.

कोन लावस हयद, कोन लावस तेल?
मामा लावस हयद, मामी लावस तेल.
मामाना मांडवले केयना खांब,
मन्ही नात पिवयी, थांब मामा थांब.

पहिलं कडवं माझ्या तोंडून धडा वाचल्यासारखं निघालं. मायनं मांडीला चिमटा काढला. दुसरं जरा सैल झालं. तिसऱ्याला, आत्याच्या कडव्याला, माझ्या लक्षात आलं की मायची ओळ कानात पडायच्या आधीच पुढचा शब्द माझ्या जिभेवर येतो आहे. हे सगळं माझ्या आत होतंच. लहानपणी प्रत्येक लग्नात मायच्या मांडीवर झोपून मी हे ऐकलं होतं. चौथ्या कडव्याला बायकांनी मागं सूर धरला. काकींनी धरला, नणंदेनं धरला, आणि केळीच्या खांबाशी उभे असलेले चाचा टाळ्या वाजवत होते. पाटावरून माझी मुलगी तोंडाला हळद फासलेली, डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. "आई, तुला हे येतं?" तिनं विचारलं. मला उत्तर द्यायला सवड नव्हती, काकाचं कडवं आलं होतं.

एकही नातेवाईक राहिला नाही. माय बोटं दुमडून हिशेब ठेवत होती, आणि शेवटचं बोट मिटल्यावर तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप जोरात होती. दुखली, पण मी हलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नाची धांदल सुरू होती. आणि मायचा आवाज आला. आदल्या संध्याकाळी नको तिथं रुसलेला आवाज, आता चहासाठी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा खणखणीत आला. मी स्वयंपाकघरातून "आणते" म्हणायला गेले आणि माझ्या तोंडातून हवा आली. रात्रीच्या कडव्यांनी माझा घसा बसवला होता.

माय दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे पाहून आधी पोटभर हसली. मग गुलाबी मशीन आणलं, पिन काढलेली आहे का ते तपासलं आणि टोपण उघडून माझ्यासमोर ठेवलं. एका हातात तांब्या. एकीकडे पाहुण्यांचा जार, दुसरीकडे आमची कळशी. मला चिडवायचं म्हणून तिनं तांब्या मध्येच अधांतरी धरला.

"कोनतं टाकू, मास्तरीनबाई?"

जेवढा आवाज उरला होता तेवढा गोळा करून मी म्हटलं, "बोरनंच टाक, माय."

मायचा तांब्या तिथंच थांबला. गाणं गाणं वेगळं, आणि सकाळी स्वयंपाकघरात तिला तिच्या बोलीत उत्तर देणं वेगळं. तीस वर्षांत ते पहिल्यांदा झालं होतं, आणि ते मला जेवढं कळलं तेवढंच तिलाही कळलं. बाहेर मामा गाडी आल्याचं ओरडत होता. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. कळशीजवळ बसली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आखो एकदाव बोल."